संस्थापक-संचालक निवृत्त होताना: आधी नावांची वही, मग नवा माणूस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सार्वजनिक विश्वस्त संस्थेने चालवलेली न्यूरोसायन्सची संशोधन संस्था आहे आणि तिला जोडून १४० खाटांचे रुग्णालय आहे. संस्थापक-संचालक नऊ महिन्यांनी पायउतार होणार. समोर दोन नावे आहेत: संस्थेतच वीस वर्षे काढलेले ज्येष्ठ न्यूरोसर्जन आणि बाहेरच्या प्रयोगशाळेतल्या एक नावाजलेल्या शास्त्रज्ञ. विश्वस्तांमध्ये यावरून दोन तट पडले आहेत. दोघांपैकी कोणाला घ्यावे, आणि जुन्या सरांना ‘मुख्य सल्लागार’ म्हणून ठेवावे का, असे तुम्ही विचारले आहे.

दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतो. पण त्याआधी एक गोष्ट तपासायला हवी, आणि विश्वस्तांच्या बैठकीत ती सहसा कोणी काढत नाही: आज सरांच्या नावावर नेमके काय काय आहे? संस्थापकाने वर्षानुवर्षे चालवलेल्या संस्थेत परवाने, संशोधन प्रकल्प, बँकेतली सही, रुग्ण, देणगीदार, अगदी फ्रीजरच्या अलार्मचा मोबाइल नंबरसुद्धा हळूहळू एका माणसाला चिकटत जातो. ही गाठ सोडवली नाही, तर नवा संचालक कितीही लायक असला तरी पहिले वर्षभर तो जुन्या सरांना फोन करत बसतो, आणि लोक म्हणतात, ‘यांना जमत नाही.’

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. ट्रस्टच्या घटनेत संचालकाची नेमणूक कोण करतो, सर स्वतः विश्वस्त आहेत का, पीएच.डी.ची मान्यता कोणत्या विद्यापीठाची आहे, परदेशी निधी येतो का, यांवर तपशील बदलतील. क्रम मात्र बहुधा बदलणार नाही.

तर आजच एक वही करायला घ्या. पाच रकाने पुरतात: काय आहे, कोणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, नाव बदलायला कोणाची मंजुरी लागते, आणि किती दिवस आधी कळवावे लागते. ही वही प्रशासन अधिकारी, वैद्यकीय अधीक्षक आणि संशोधन कार्यालयातला एक माणूस अशा तिघांनी मिळून भरावी. एकट्या प्रशासनाला प्रयोगशाळेतले कळत नाही आणि प्रयोगशाळेला वॉर्डातले कळत नाही.

रुग्णालयाच्या बाजूने सुरुवात करा, कारण तिथे एक दिवसाचाही खंड चालत नाही. सीटी, कॅथलॅब, गॅमा नाइफ (मेंदूवर किरणांनी उपचार करणारे यंत्र) असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन परवाना प्रणालीवर ‘एम्प्लॉयर’ म्हणून बहुधा सरांचीच नोंद असेल. ती बदलल्याशिवाय पुढचे अर्ज नव्या माणसाला करता येत नाहीत. रेडिएशन सेफ्टी ऑफिसर वेगळा असतो, त्याच्या मान्यतेची मुदतही त्याच वेळी पाहून घ्या. कॅरोटिड डॉपलर (मानेतल्या रक्तवाहिन्यांची तपासणी) करणारे सोनोग्राफी मशीन असले तरी पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदान-प्रतिबंध कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि त्यातला कर्मचारी, जागा किंवा मशीनचा बदल ३० दिवस आधी कळवायचा असतो. मॉर्फिन, फेंटानिलसाठी संस्थेला मान्यता असते आणि तिथे एक जबाबदार डॉक्टर नेमलेला असतो. तो सरच असतील, तर ज्या दिवशी सर जातील त्या दिवशी साठ्याच्या नोंदवहीवर सही कोणाची, हे आधी ठरलेले असावे. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण न्यूरोच्या ओटीत आणि आयसीयूत फेंटानिलशिवाय दिवस निघत नाही.

ब्रेन-स्टेम डेथचे, म्हणजे मेंदूमृत्यूचे, प्रमाणीकरण मात्र सगळ्यात आधी पाहा. न्यूरोच्या रुग्णालयात ही वेळ इतर रुग्णालयांपेक्षा जास्त वेळा येते. अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे मंडळ लागते: रुग्णालयाचा प्रभारी डॉक्टर, मान्यताप्राप्त यादीतला एक स्वतंत्र तज्ज्ञ, त्याच यादीतला न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन, आणि उपचार करणारा डॉक्टर. मधले दोघे कोण, हे प्रभारीच ठरवतो. किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या होतात आणि फॉर्म १० वर चौघांच्या सह्या होतात. आता कल्पना करा: रात्री दोन वाजता आयसीयूत अपघातातला तरुण मुलगा आहे, पहिली तपासणी झाली आहे, आई-वडील अवयवदानाला तयार आहेत. आणि कागदावर प्रभारी म्हणून ज्यांचे नाव आहे ते चार दिवसांपूर्वी निवृत्त झाले आहेत, नव्यांचा आदेश टाइप होऊन पडला आहे पण सही झालेली नाही. त्या घरच्यांना ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणालाच नसावा.

यातून तुमच्या पहिल्या उमेदवाराबद्दलही एक गोष्ट निघते. न्यूरोसर्जन संचालक झाले आणि तेच ‘रुग्णालयाचे प्रभारी’ राहिले, तर त्यांनी स्वतः ऑपरेशन केलेल्या रुग्णाच्या बाबतीत ते उपचार करणारेही असतील आणि प्रभारीही. एका माणसाने मंडळातल्या दोन जागा भरणे बरोबर नाही. म्हणून संचालक कोणीही होवो, या कामासाठी प्रभारी म्हणून वैद्यकीय अधीक्षकांचीच नेमणूक लेखी करून ठेवा, त्यांच्या रजेच्या काळातल्या पर्यायी नावासकट. हे आजच होऊ शकते, त्यासाठी सरांच्या निवृत्तीची वाट पाहायला नको.

संशोधनाची बाजू संथ चालते, पण तिथल्या चुका उशिरा उघड होतात. सर ज्या औषध-चाचण्यांचे मुख्य संशोधक आहेत, त्यांची वेगळी यादी करा. मुख्य संशोधक बदलायचा तर एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी लागते, प्रायोजकाला कळवावे लागते, नव्या संशोधकाचे हमीपत्र लागते. सहभागी रुग्णांच्या संमतीपत्रावर जुने नाव आणि फोन नंबर असतो, तोही बदलून रुग्णांना सांगावा लागतो. चाचणीत गंभीर प्रतिकूल घटना घडली, तर संशोधकाने २४ तासांत केंद्रीय परवाना प्राधिकरण, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी या तिघांना कळवायचे असते. बदलाची मंजुरी लटकलेली असताना अशी घटना घडली, की ‘मी कळवायचे की त्यांनी?’ यातच चोवीस तास जातात. चाचणीनिहाय सहसंशोधक आत्ताच नेमून घ्या आणि बदल निवृत्तीच्या किमान तीन महिने आधी मंजुरीला टाका. कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच होत असेल, तर एक शेरा आला की दुसरा महिना गेलाच म्हणून समजा.

एथिक्स कमिटीबद्दल आणखी एक. तुमचे न्यूरोसर्जन आज कमिटीचे सदस्य असण्याची बरीच शक्यता आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संस्थाप्रमुखाने कमिटीत बसायचे नसते, तो कमिटी नेमणारा असतो. म्हणजे संचालक झाल्या दिवशी त्यांचा कमिटीच्या सदस्यत्वाचा राजीनामा घ्यायचा. मग सदस्यसंख्या किमान सातवर टिकते का, संस्थेबाहेरच्या सदस्यांचे प्रमाण निम्म्याखाली जात नाही ना, आवश्यक ते सगळे तज्ज्ञ उरतात का, हे पाहून बदल नोंदणी प्राधिकरणाला कळवायचा. जैवसुरक्षा समितीत याच्या उलट आहे, तिथे संस्थाप्रमुख किंवा त्याने नेमलेला माणूसच अध्यक्ष असतो. दोन समित्यांचे नियम एकमेकांच्या विरुद्ध असल्याने इथे हमखास घोळ होतो. प्राणिगृह असेल तर त्याची समितीही वहीत आलीच.

पीएच.डी.चे विद्यार्थी या सगळ्यात विसरले जातात, आणि घाबरतात मात्र तेच सगळ्यात जास्त. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर मार्गदर्शकाने नवा विद्यार्थी घ्यायचा नाही. आधीच्या विद्यार्थ्यांना निवृत्तीनंतर सहमार्गदर्शक म्हणून साथ देता येते, तीही वयाच्या ७० पर्यंतच. सरांकडे आज किती जण आहेत, कोण कोणत्या टप्प्यावर आहे, प्रत्येकाचा नवा मुख्य मार्गदर्शक कोण, हे विद्यापीठाच्या मान्यतेसह सहा महिन्यांत संपवा. फेलोशिपच्या कागदावर मार्गदर्शकाची सही लागते. ती अडली की विद्यार्थ्याचे घरभाडे अडते.

आता दोन अगदी बारीक गोष्टी. पहिली, पार्किन्सन्ससाठी डीबीएस (मेंदूत इलेक्ट्रोड बसवून विजेचे सौम्य पल्स देणारे उपकरण) बसवलेले रुग्ण. प्रत्येक रुग्णाच्या उपकरणाची जुळणी वेगळी असते: कोणता इलेक्ट्रोड संपर्क चालू, किती तीव्रता, पल्सची रुंदी किती, वारंवारता किती. ६० मायक्रोसेकंद आणि १३० हर्ट्झ ही साधारण सुरुवात असते, त्यापुढची वाट प्रत्येकाची निराळी. पंधरा वर्षे एकाच डॉक्टरांनी जुळणी केली असेल, तर आकडे केसपेपरवर सापडतात, पण ‘तीव्रता याच्या वर नेली की बोलणे अडखळते’ ही नोंद डॉक्टरांच्या डोक्यात असते. प्रत्येक रुग्णासाठी एक पानाची नोंद करून घ्या: चालू जुळणी, आधी करून पाहिलेल्या आणि सोडलेल्या जुळण्या, त्या का सोडल्या, बॅटरी कधी बदलली. सर आणि नवे डॉक्टर यांनी प्रत्येक रुग्णाला निदान एकदा एकत्र पाहावे. यादी मोठी असेल तर आठवड्यातून एक सकाळ त्यालाच राखून ठेवा आणि आजपासून सुरू करा. तीन महिन्यांत हे उरकत नाही, म्हणून नऊ महिने आहेत ते बरे.

दुसरी, उणे ८० अंशांचे फ्रीजर. मेंदूच्या ऊतींचे किंवा रक्ताचे नमुने साठवले असतील तर अलार्मचा एसएमएस कोणाकडे जातो ते पाहा. बऱ्याच ठिकाणी तो ज्यांनी फ्रीजर आणला त्यांच्या खासगी नंबरवर जात असतो. सर निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेले आणि मे महिन्यात रविवारी कॉम्प्रेसर बसला, तर सोमवारी सकाळी डबे उघडून पाहण्यापलीकडे काही उरत नाही. असे नमुने पुन्हा मिळत नाहीत. ते देणारी बरीचशी माणसे आता हयात नाहीत, त्यांच्या घरच्यांनी विश्वासाने दिलेली ती ठेव आहे. अलार्म तीन नंबरांवर जाऊ द्या आणि त्यांतला एक चोवीस तास माणूस असलेल्या सुरक्षा चौकीचा असू द्या.

आता माणसाच्या निवडीकडे येतो. यासाठी कॅनडातल्या मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचा इतिहास मला फार उपयोगी वाटतो. न्यूरोसर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३४ मध्ये ती सुरू केली, ती मुळी प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या एकाच छपराखाली याव्यात म्हणूनच. वेल्लोरला १९४९ मध्ये न्यूरोसर्जरी सुरू करणारे डॉ. जेकब चांडी तिथेच शिकले, म्हणजे आपल्याकडच्या परंपरेची एक मुळी तिथवर जाते. पेनफिल्ड १९६० पर्यंत संचालक होते. त्यांच्या जागी आले थिओडोर रासमुसेन. ते मॉन्ट्रियललाच घडले, पण १९४७ मध्ये शिकागोला प्राध्यापक म्हणून गेले आणि १९५४ मध्ये परत आले. संचालक होण्याआधी सहा वर्षे त्यांनी पुन्हा घरात काढली. त्यांच्यानंतर १९७२ मध्ये आलेले विल्यम फाइंडेलही तसेच: मॉन्ट्रियलचे विद्यार्थी, मग सॅस्कॅटूनला जाऊन तिथला न्यूरोसर्जरी विभाग उभा केला, आणि मग परत.

घरचा माणूस, पण दुसऱ्याचे घर चालवून आलेला. मला हाच नमुना सगळ्यात भरवशाचा वाटतो. घरच्याला कोणाशी कसे बोलावे ते कळते. बाहेर राहून आल्याने आपल्याकडची कोणती पद्धत खरोखर गरजेची आणि कोणती फक्त सरांच्या सवयीची, तेही कळते.

तुमच्या दोन्ही उमेदवारांत यातला एकेक अर्धा भाग आहे. वीस वर्षे एकाच ठिकाणी काढलेल्या सर्जनांचा धोका असा की ओटीचे दिवस, भूलतज्ज्ञ आणि उपकरणांचा पैसा नकळत स्वतःच्या विभागाकडे वळतो. त्यात वाईट हेतू नसतो, त्यांना ती गरज रोज डोळ्यांसमोर दिसते आणि प्रयोगशाळेची दिसत नाही. शास्त्रज्ञ बाईंचा धोका वेगळा आहे. रुग्णालय पैसा मिळवते आणि प्रयोगशाळा खर्च करते, अशी कुजबुज अशा प्रत्येक संस्थेत असते. बाहेरून आलेल्या, रुग्ण न पाहणाऱ्या संचालकाने पहिल्याच अंदाजपत्रकात संशोधनाचा वाटा वाढवला की ती कुजबुज उघड भांडण होते.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेकडे पाहा. १९५४ ची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि तिथले जुने मनोरुग्णालय २७ डिसेंबर १९७४ रोजी एकत्र करून ती संस्था झाली. आर. एम. वर्मा आणि जी. एन. नारायण रेड्डी हे न्यूरोसर्जन तिथे संचालक झाले, एस. एम. चन्नबसवण्णा मनोविकारतज्ज्ञ, एम. गौरीदेवी न्यूरोलॉजिस्ट, आणि जी. गुरुराज तर साथरोगशास्त्राचे. खुर्चीवरच्या माणसाचा विषय बदलला तरी संस्था चालते, कारण वैद्यकीय अधीक्षक आणि कुलसचिव ही पदे स्वतंत्र आहेत आणि रोजचा कारभार तिथून होतो. तुमच्याकडे हे तिन्ही अधिकार आज एकट्या सरांकडे असतील, असा माझा अंदाज आहे. ते आधी वेगळे करा: संचालक, वैद्यकीय अधीक्षक, संशोधन अधिष्ठाता. प्रत्येकाची खर्चाची मर्यादा रुपयांत लिहा. रुग्णालयाच्या उत्पन्नातला किती टक्के भाग संशोधनाला जाईल हे विश्वस्तांनी तीन वर्षांसाठी ठरवून टाकावे, म्हणजे तो निर्णय नव्या संचालकाच्या गळ्यात पडणार नाही. तो ठरवताना धर्मादाय रुग्णालय म्हणून निर्धन रुग्ण निधीत जाणारे २ टक्के आधी बाजूला काढलेले असावेत.

हे केलेत, तर मी शास्त्रज्ञ बाईंना निवडेन, पण अट घालून: त्यांनी निवृत्तीच्या दिवशी नव्हे, चार महिने आधी ‘नियोजित संचालक’ म्हणून यावे, रोज सकाळी एक तास वॉर्डाच्या राउंडला उभे राहावे, आणि वैद्यकीय अधीक्षकपदी डॉक्टरांच्या विश्वासातला माणूस असावा. अधिकार वेगळे करायला विश्वस्त तयार नसतील तर सर्जनांना निवडा. एकहाती कारभारात वॉर्ड न ओळखणारा माणूस टिकत नाही. त्यांनी मात्र ओटीचा एकच दिवस ठेवावा आणि विभागप्रमुखपद सोडावे. हे नेमणूकपत्रात लिहा, तोंडी आश्वासनावर राहू नका.

निवड समिती पाच जणांची पुरे, त्यांत दोघे संस्थेबाहेरचे. सर समितीत नसावेत. त्यांचे मत हवेच, ते लेखी घ्या आणि एक बैठक त्यांच्यासोबत करा. समितीत बसले, तर निवडलेला माणूस कायम ‘सरांचा माणूस’ राहतो आणि न निवडलेला कायम दुखावलेला.

सल्लागारपदाबद्दल. ‘मुख्य सल्लागार’ हे नाव नको. त्या खोलीबाहेर आठवड्याभरात रांग लागते, आणि नव्या संचालकाचा ‘नाही’ तिथे जाऊन ‘हो’ होतो. पेनफिल्ड पायउतार झाल्यावर १९७६ पर्यंत हयात होते, पण त्यांनी वेगळे काम हाती घेतले: लेखन केले, कुटुंबसंस्थेवर काम करणाऱ्या व्हॅनिए इन्स्टिट्यूटचे पहिले अध्यक्ष झाले. सरांनाही खरे, मानाचे, मर्यादित काम द्या. आठवड्यातून दोन ओपीडी, डीबीएसच्या रुग्णांची सुपूर्दगी, विद्यार्थ्यांचे सहमार्गदर्शन, जुन्या देणगीदारांची नव्या संचालकांशी समक्ष गाठ. खोली वेगळ्या मजल्यावर. विभागप्रमुखांच्या बैठकीला येणे नाही. मुदत एक वर्ष, नूतनीकरणाचा निर्णय नव्या संचालकाचा. हे सरांशी बोलायचे काम ज्या विश्वस्तांना ते सगळ्यात जास्त मानतात त्यांनी करावे, आणि लवकर करावे. आयुष्य घालवलेल्या माणसाला ही गोष्ट परिपत्रकातून कळणे फार वाईट.

तारीख ३१ मार्च ठेवू नका. वर्षअखेर, अनुदानांची उपयोगिता प्रमाणपत्रे आणि लेखापरीक्षण एकाच वेळी येतात, आणि ज्या खर्चाचे प्रमाणपत्र द्यायचे तो खर्च नव्या माणसाने पाहिलेलाही नसतो. जुलैच्या मध्यावर चार्ज द्या: त्या वर्षाची प्रमाणपत्रे सरांच्याच सहीने गेलेली असतील आणि नव्यांना पुढचे अंदाजपत्रक बांधायला सात-आठ महिने मिळतील. बँकेच्या ठरावात जुनी सही कधी बंद आणि नवी कधी सुरू, हे एकाच परिच्छेदात, एकाच तारखेने लिहा. डिजिटल सह्या, सरकारी पोर्टलांचे पासवर्ड आणि ओटीपी जाणारे नंबर त्याच दिवशी बदला. चार्जच्या कागदाला वहीची प्रत जोडून दोघांनी पानोपानी सही करावी.

या नऊ महिन्यांतही काही होऊ शकते. मॉन्ट्रियलचे संचालक डेव्हिड कोलमन यांचे २०११ मध्ये पदावर असतानाच निधन झाले, आणि गी रूलो यांनी सूत्रे घेतली ती २०१३ मध्ये. इतक्या जुन्या संस्थेलाही कायमचा माणूस मिळायला एवढा काळ लागतो. म्हणून याच महिन्यात विश्वस्तांचा एक ठराव करा: संचालक अचानक उपलब्ध नसतील तर हंगामी संचालक कोण, सहा महिन्यांसाठी, कोणत्या रकमेपर्यंत, आणि कोणते निर्णय त्यांनी घ्यायचे नाहीत. नवा विभाग, मोठी खरेदी आणि कायम नेमणुका हे त्या शेवटच्या यादीत टाका.

सर विश्वस्तही असतील आणि तेही पद सोडणार असतील, तर धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट ९० दिवसांच्या आत गेला पाहिजे. परदेशी निधीची नोंदणी असेल, तर प्रमुख पदाधिकाऱ्यांतला बदल ४५ दिवसांत ऑनलाइन कळवायचा असतो. ट्रस्टच्या घटनेतले नेमणुकीचे कलम आणि सर विश्वस्त आहेत की नाही, एवढे कळवलेत तर ठरावांचा मसुदा कोणत्या क्रमाने करायचा ते सांगता येईल.